रेणूला डोळे नसतात

मुंबईतल्या काही कॉलेजांत बरीच वर्षं एक चार मिनिटांची फिल्म दाखवली जात असे. भात खूप वेळ चावला की गोड का लागतो, हे तिच्यात दाखवलं होतं. लाळेतला एन्झाइम हा एक भलामोठा रेणू, त्याच्या अंगावर एक खाच, त्या खाचेत स्टार्चचा तुकडा येऊन बसतो आणि तुटतो. फिल्ममध्ये हा तुकडा पडद्याच्या डाव्या कोपऱ्यातून निघतो आणि सरळ जाऊन खाचेत बसतो. हे चूक आहे. रेणू असा जात नाही. ती चूक चित्रकाराची समजली गेली. ती माझी होती. मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि मी पाच वर्षं गप्प राहिलो.

चित्रकाराचं नाव भिकाजी साटम. वयानं माझ्यापेक्षा वीस-बावीस वर्षांनी मोठे, म्हणून आम्ही सगळे त्यांना काका म्हणत असू. मूळ देवगडकडचे. एका कापड गिरणीच्या डिझाईन खात्यात त्यांनी पंचवीस वर्षं साड्यांचे काठ आणि पदर काढले होते. गिरणी बंद पडली आणि ते आमच्या घाटकोपरच्या कॉलेजात आले. मी तिथं रसायनशास्त्र शिकवत होतो. कॉलेजनं नुकताच एक छोटा फिल्म विभाग सुरू केला होता. विभाग म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक खोली, जिथं आधी फुटक्या काचसामानाची खोकी ठेवायचे. त्या खोलीत सोळा मिलिमीटरचा एक कॅमेरा लाकडी घोड्यावर खाली तोंड करून बसवला होता. खाली काचेचं टेबल, काचेखाली दिवे. टेबलावर एक चित्र ठेवायचं, बटण दाबायचं, ते उचलायचं, पुढचं ठेवायचं. पडद्यावरच्या एका सेकंदासाठी बारा चित्रं. विभागाचा प्रमुख मी होतो, आणि विभागात माझ्याशिवाय फक्त साटमकाका होते.

त्या खोलीत पंखा लावायला बंदी होती, कारण कागद उडायचे. उकाड्यात हाताचा घाम चित्राच्या शीटवर उतरू नये म्हणून काका कोपरापर्यंत टाल्कम पावडर लावून बसत. सकाळी खोलीत शिरलं की नुकत्याच न्हाऊ घातलेल्या बाळाचा वास यायचा. आमचा शिपाई लक्ष्मण दारातूनच विचारायचा, "काय काका, आज कुणाचं बारसं?"

"तुझ्या सासऱ्याचा," काका मान वर न करता म्हणायचे.

मला ते 'मास्तर' म्हणत. मी लेक्चरर आहे, मास्तर नाही, असं मी सुरुवातीला एकदा सांगून पाहिलं. "बरा, मास्तर," ते म्हणाले, आणि तो विषय तिथंच संपला.

पहिल्या आठवड्यात मी त्यांना एन्झाइमचं काम समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी डब्यात नुसता भात आणला. वर आमटी नाही, काही नाही. एक घास तोंडात घेऊन ते घड्याळाकडे बघत बसले. मी वर्गाची हजेरी घेऊन परत आलो तरी चावणं चालूच होतं. शेवटी गिळून म्हणाले, "येता खरो गोडवो. पण एकदम नाय येणा. वाट बघूक लागता." मग विचारलं, "मास्तर, तो स्टार्चचो तुकडो त्या खाचेत जाता कसो? तेका डोळे आसत?"

"नाही हो काका. रेणूला कसले डोळे?"

"मग तेका कळता कसा, खंय जावचा ता?"

मी म्हणालो की कळत नाही. पाण्याचे रेणू चारी बाजूंनी त्याला धक्के मारत असतात, तो धडपडत फिरतो आणि कधीतरी बरोबर जागी पोचतो. हे मी वर्गात दरवर्षी सांगायचो. पण काकांचा चेहरा एखादी फार मोठी बातमी ऐकल्यासारखा झाला. "म्हणजे नुसतो गर्दीत हरवलेलो," ते म्हणाले. त्यानंतर प्रत्येक रेणूबद्दल त्यांचा पहिला प्रश्न तोच असायचा: ह्येका डोळे आसत?

विभागाकडे शिकवण्याच्या फिल्मांसोबत संशोधकांचंही थोडं काम यायचं. ट्रॉम्ब्याच्या बाजूला राहणाऱ्या डॉक्टर निर्मला बापट रेणूंच्या हालचालीवर काम करत. मूळच्या पुण्याच्या, बोलणं धारदार. त्यांच्याकडे कॉम्प्युटरनं छापलेल्या आकड्यांचे गठ्ठे असत. प्रत्येक क्षणी रेणूतला कुठला अणू कुठं आहे, ते सगळं आकड्यांत. चित्र नव्हतं. त्यांनी एक गठ्ठा आमच्याकडे आणून टाकला आणि म्हणाल्या, "यातून हलणारं काही निघतंय का बघा. मला आशा नाही."

काकांनी गठ्ठा चाळला आणि त्यांना हसू आलं. गिरणीत त्यांनी जन्मभर हेच केलं होतं. काठाची वेल ग्राफपेपरवर चौकोन मोजून भरायची, म्हणजे मागावर ती तशीच उतरते. त्यांनी आकडे चौकोनांवर मांडले. तीन आठवड्यांत दोनशे चाळीस शीट्स झाली, म्हणजे वीस सेकंद. बापटबाई पाहायला आल्या. रेणू पडद्यावर हलकेच वाकला, उघडला, मिटला. दोन वर्षं ज्या रेणूवर त्या काम करत होत्या तो त्यांना पहिल्यांदा हलताना दिसत होता. त्यांनी ते चार वेळा लावायला सांगितलं. मग चष्मा पुसत म्हणाल्या, "यांना कळतं. नुसता हात नाही, यांना कळतं."

काका त्या वेळी शेवटच्या बाकावर होते. कुठलीही चाचणी असली की ते तिथंच जाऊन बसत. पुढून सगळ्यांनाच दिसतं, त्यांचं म्हणणं, फिल्म मागच्यासाठी काढायची असते. रेष जरा बारीक झाली की अंधारातून आवाज यायचा, "मास्तर, मागे दिसत नाय!" मी कितीदा त्या आवाजावर वैतागलो असेन. त्या दिवशी मात्र मागून काहीच आवाज आला नाही. दिवे लागल्यावर पाहिलं तर काका खाली मान घालून हाताची पावडर झटकत होते.

भाताच्या फिल्मचं काम त्यानंतर सुरू झालं. तुकडा खाचेपर्यंत पोचतो, तेवढा प्रसंग काकांना मनासारखा काढायचा होता. हरवलेला माणूस कसा चालतो ते बघायला ते घाटकोपरच्या भाजीबाजारात तासतास उभे राहिले आणि परत येऊन म्हणाले, "काय उपयोग नाय. सगळ्यांका डोळे आसत. जो तो आपल्या कांद्याबटाट्याक जाता."

मग एका शनिवारी दुपारी त्यांनी माझ्या वर्गातली बारा मुलंमुली कॉलेजच्या गच्चीवर नेली आणि आंधळी कोशिंबीर मांडली. अकरा जणांच्या डोळ्यांवर रुमाल, ते पाणी. बारावी, शैला नावाची मुलगी, स्टार्चचा तुकडा. तिच्याही डोळ्यांवर रुमाल. लक्ष्मणला मधोमध एन्झाइम म्हणून उभा केला. त्याच्या डाव्या काखेत खाच. शैलाचा उजवा हात त्या काखेत गेला तरच तुकडा बसला, असा नियम. काका पाण्याच्या टाकीवर मांडीवर ग्राफपेपर घेऊन बसले आणि ती कुठं कुठं ढकलली जाते त्याची रेघ ओढत राहिले.

"काका, किती वेळ असं उभं राहू?" लक्ष्मण ओरडला.

"एन्झाइम बोलत नाय!"

शैला दोनदा त्याच्या पाठीवर आपटली, एकदा पायावर पाय देऊन निघून गेली. एकदा हात काखेपासून वीतभर अंतरावरून गेला. आम्ही सगळे श्वास धरून होतो, आणि तेवढ्यात पाण्यातल्या कुणीतरी तिला परत कठड्याकडे ढकललं. काका टाकीवरून जवळजवळ पडले. "आवशीचो घो! इतक्या जवळ इलो होतो!" शेवटी हात बसला तेव्हा गच्चीवर शिट्ट्या वाजल्या. काकांच्या कागदावर एक गुंतवळ झालं होतं. तो कागद त्यांनी मला दाखवला. "ही बघ वाट. ही जो बघीत, तेका कळात की खाच गावणा म्हणजे काय ता."

त्या गुंतवळावरून त्यांनी चाळीस सेकंदांचा प्रसंग काढला. चारशे ऐंशी शीट्स. तुकडा येतो, आपटतो, लांब जातो, पुन्हा येतो, चुकीच्या बाजूला लागतो, हुकतो. घरीही ते तसेच वागायला लागले होते. घाटकोपरच्या डोंगरावरच्या त्यांच्या खोलीत मी एकदा जेवायला गेलो तेव्हा काकी वाढता वाढता म्हणाल्या, "ह्येंका जरा सांगा हो. नळावर बादली भरूक पाठवलंय तर बादली वाहता आणि हे पाण्याक बघत बसतत. मागे लाइन. बायका काय म्हणतत माहीत हा? म्हणतत, साटमांच्या डोक्यावर परिणाम झालो."

"झालोच हा," काका मजेत म्हणाले. मग गंभीर होऊन मला म्हणाले, "नोकरी कायम झाली की बरा होईल, मास्तर. ह्या वयात आता तिसऱ्या ठिकाणी माका कोण घेतलो?"

त्यांची नेमणूक तात्पुरती होती. फिल्म दाखवल्यानंतर ती कायम करायची, असं प्राचार्यांनी मला तोंडी सांगितलं होतं आणि मी ते काकांना सांगितलं होतं.

मग गणपती आले. काका गावी निघाले. मुंबईत काही का होईना, गणपतीला गाव चुकवायचं नाही, हे त्यांचं ठरलेलं होतं. जाताना त्यांनी सगळी शीट्स क्रमानं लावली, कुठलं शीट किती वेळा टिपायचं त्याचा तक्ता लिहून दिला आणि मला दोनदा बजावलं, "आसत तशी काढ. मध्ये शहाणपणा करू नको."

मी शहाणपणा केला. प्राचार्यांनी कार्यक्रमाची तारीख ठरवली होती आणि फिल्म चार मिनिटांच्या आत हवी म्हणून सांगितलं होतं. आमची फिल्म चार मिनिटं पस्तीस सेकंदांची होत होती. काका नसलेल्या त्या खोलीत मी ती शीट्स चाळत बसलो. तुकडा येतोय, जातोय. मला कंटाळा आला. मुलांनाही येईल असं वाटलं. मुद्दा काय, तर तुकडा खाचेत बसतो, मग इतकी वणवण कशाला? जिथं जिथं तुकडा खाचेच्या दिशेला होता तेवढी साठ शीट्स मी निवडली, थोडी सरकवून एका रेषेत आणली आणि टिपली. उरलेली चारशेवीस काकांच्या नजरेला पडू नयेत म्हणून मुलुंडला घरी नेऊन माळ्यावर टाकली. हे मी घाईत केलं, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत आलो. पण शीट्स लपवली, त्याअर्थी मला कळत होतं.

काका परतल्यावर मी त्यांना सांगितलं की रीळ धुवायला गेलंय आणि शीट्स कपाटात बंद आहेत. प्रिंट कार्यक्रमाच्या दिवशीच हातात आली. सभागृहात प्राचार्य, इतर कॉलेजांचे शिक्षक आणि पहिल्या रांगेत बापटबाई. काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले आणि शेवटच्या बाकावर बसले.

तुकडा डाव्या कोपऱ्यातून निघाला आणि पाच सेकंदांत खाचेत जाऊन बसला.

दिवे लागल्यावर बापटबाई उठल्या. "रंग छान, रेषा छान. पण हा तुकडा सासुरवाडीला निघालेल्या जावयासारखा चाललाय हो! याला पत्ता कुणी दिला? रेणूला डोळे असतात का?"

सगळं सभागृह हसलं. प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उभा राहिलो. मी काय म्हणालो ते मला अक्षरशः आठवतं. "चित्रकारानं ते जरा कल्पनेनं काढलंय, मॅडम. ते गिरणीतून आलेत. विज्ञानाची पार्श्वभूमी नाही."

बापटबाई म्हणाल्या, "मला वाटलं होतं, त्यांना कळतं."

मी मागे वळून पाहिलं नाही. मागून काही ऐकूही आलं नाही.

महिनाअखेर काकांची मुदत संपली. त्या जागेवर विज्ञान शिकलेला माणूस घ्यायचा असं ठरलं. शेवटच्या दिवशी त्यांनी टेबल पुसलं, पावडरचा डबा पिशवीत टाकला. मी दारात उभा होतो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "काका, मी प्राचार्यांशी बोलतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. "मास्तर, एकच कर. काढलेली शीट्स फाडू नको."

म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं. ज्या माणसानं एकेक रेघ ओढली होती त्याला कळणारच. त्यांनी ते कुणालाही सांगितलं नाही. का, ते मला तेव्हा समजलं नाही आणि विचारायची हिंमत नव्हती. प्राचार्यांशी मी बोललो नाही.

बापटबाईंनी पुढं शिक्षकांसाठी दरवर्षी एक व्याख्यान सुरू केलं. आमच्याच सभागृहात. सुरुवातीला त्या ही फिल्म दाखवत आणि म्हणत, "चूक शोधा." मग म्हणत, "चित्रकारानं रेणूला डोळे दिलेत." शिक्षक हसत. मी दरवर्षी तिथं असायचो, आणि दोनदा तरी मीही हसलो आहे.

पाचव्या वर्षी घराला रंग काढला. माझ्या बायकोनं, सुनंदानं, माळा रिकामा करताना तो गठ्ठा खाली काढला. "हे काय? रद्दीत देऊ?"

"नको, नको."

"कुणाचंय?"

मी तिला पहिल्यांदा सगळं सांगितलं. ती फडक्यानं वरची धूळ पुसत ऐकत होती. संपल्यावर एवढंच म्हणाली, "मग आपल्या घरात काय करतंय? ज्याचं आहे त्याला दे ना."

काका आता बोरिवलीला मुलीकडे राहतात, एवढं लक्ष्मणकडून कळलं. मी गठ्ठा घेऊन गेलो. बाहेरच्या खोलीत ते चित्रकलेच्या परीक्षेला बसणाऱ्या सात-आठ मुलांचा वर्ग घेत होते. केस पूर्ण पांढरे झाले होते. हात अजून पावडरीनं पांढरे. मला पाहून म्हणाले, "ये, मास्तर," जणू मी कालच भेटलो होतो. मुलांना केळीचं पान काढायला लावून ते माझ्यासमोर बसले.

मी गठ्ठा पुढं ठेवला. त्यांनी दोरी सोडली, पन्नासेक शीट्स उचलली आणि बोटांत धरून झरझर सोडली. मधली काही शीट्स नव्हती, तरी तुकडा धडपडला, हुकला, लांब गेला. काकांनी पुन्हा सोडली. "हय शैला लक्ष्मणाच्या पाठीक आपटली," ते म्हणाले. "बघ, बघ."

मी बोलायला सुरुवात केली. रस्ताभर वाक्यं जुळवली होती, ती सगळी गेली. कसंबसं म्हणालो, "काका, माझी चूक झाली. मी तुमचं..."

त्यांनी हात वर केला. "माका कित्याक सांगतस? माका ठाऊक हा. तेव्हाच ठाऊक होता."

"मग तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?"

"मी बोललंय असतंय तर लोक काय म्हणाले असते? चित्रकार आपली चूक मास्तरावर ढकलता. ता तुझ्या तोंडातून येवक होया होता. मी वाट बघी होतंय." शीट्स परत नीट रचत ते म्हणाले, "त्या बाईंका वाटता, माका कळला नाय. नोकरी गेली ती गेली. पण त्या म्हणाल्या होत्या, ह्येंका कळता. ता माझा होता, मास्तर. ता तू नेलंस."

आतून त्यांची मुलगी चहा घेऊन आली. आम्ही चहा प्यायलो. निघताना मी त्यांना पुढच्या आठवड्यातल्या व्याख्यानाचा दिवस आणि वेळ सांगितली. ते येतो म्हणाले नाहीत, नाही येत असंही म्हणाले नाहीत.

त्या दिवशी सभागृह भरलं होतं. बापटबाईंनी फिल्म लावली. तुकडा निघाला आणि सरळ खाचेत जाऊन बसला. दिवे लागले. "काय चुकलं?" बाईंनी विचारलं. एका तरुण शिक्षिकेनं बरोबर उत्तर दिलं. बाई हसल्या आणि म्हणाल्या, "शाब्बास. आमच्या चित्रकारानं याला डोळे दिले."

मी पहिल्या रांगेतून उठलो. मागे वळलो तेव्हा शेवटच्या बाकावर, भिंतीला टेकून, पांढऱ्या शर्टात काका बसलेले दिसले. मांडीवर तो गठ्ठा होता.

मी म्हणालो की मॅडम, डोळे चित्रकारानं दिले नाहीत, मी दिले. त्यांनी गच्चीवर मुलांना डोळे बांधून फिरवलं होतं आणि त्यावरून चारशे ऐंशी शीट्स बरोबर काढली होती. त्यातली चारशेवीस मी काढून टाकली आणि त्यांचं नाव पुढं केलं. ती शीट्स आत्ता त्यांच्या मांडीवर आहेत. तुम्ही पहिल्यांदा म्हणाला होतात तेच खरं होतं. त्यांना कळत होतं, कळत नव्हतं ते मला.

माझा आवाज पार खाली गेला होता. तरी मी त्यांच्याकडे बघून म्हणालो, "साटमकाका, माझं चुकलं. मला माफ करा."

बापटबाईंनी चष्मा काढून हातात घेतला होता. मग शेवटच्या बाकावरून तो ओळखीचा आवाज आला.

"मास्तर, मागे ऐकूक येत नाय!"

मी श्वास घेतला, आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलं, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल एवढ्या मोठ्यानं.